चौथा वाफा विश्रांतीवर आहे

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आजचे प्रमुख पाहुणे आणि आपल्या सर्वांचे मोठे साहेब, त्यांच्या शेजारी बसलेले आपले नवे केंद्रप्रमुख, पहिल्या रांगेत बसलेली ताईंची लेक आणि तिचे यजमान, या केंद्रात आयुष्य घालवून निवृत्त झालेली आणि आज वाट वाकडी करून आलेली वडीलधारी मंडळी, माझे सहकारी बंधुभगिनी, आणि दाराशी उभे असलेले, बसा बसा म्हटलं तरी न बसणारे आमचे कापणीवाले दादा लोक, सर्वांना माझा नमस्कार.

व्यासपीठावरच्या मधल्या खुर्चीलाही नमस्कार. ती रिकामी आहे हे मला दिसतंय. अध्यक्षांनी मला खुणावूनही झालं. पण अध्यक्ष महोदय, मी तरी काय करू? ज्यांचा निरोप समारंभ, त्याच मघाशी मला दारात गाठून म्हणाल्या, "नमुने, तुम्ही सुरू करा. मी आलेच." ताईंच्या हाताखाली ज्यांनी काम केलंय त्यांना ठाऊक आहे, ताईंचं 'आलेच' म्हणजे चहा निवायच्या आत. तेव्हा आपण सुरू करू. पाहुण्यांसाठी सांगतो, 'नमुने' हे माझं आडनाव नव्हे. मी इथल्या प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये पाण्याचे नमुने घेतो आणि थोडासा स्वतःही नमुना आहे. म्हणून ताईंनी हे नाव ठेवलं आणि ते माझ्या बायकोलाही फार पसंत पडलं.

साहेबांच्या पुढ्यात टेबलावर लाल फीत बांधलेलं एक बटण आहे, ते सगळ्यांना दिसतंय. कशाचं ते ओघात सांगेनच. तोवर साहेब, एक विनंती आहे, त्याला हात लावू नये. लहान तोंडी मोठा घास घेतोय, क्षमा असावी.

मित्रहो, हे सभागृह म्हणजे आपलं जुनं पंपघर. भिंतीवर तेलाचे डाग अजून आहेत, वर रंग देऊनही दिसतात. त्या बाजूच्या मोठ्या खिडक्यांतून बाहेर बघा. ते हिरवं दिसतंय ना, माणसाच्या डोक्यावर हात उंच करावा इतकं वाढलेलं, ते बोरूचं रान. ते आपोआप उगवलेलं नाही. एकेक कांडी ओळीत लावलेली आहे. बाहेरगावचे पाहुणे येतात आणि विचारतात, "तुमचं सांडपाण्याचं केंद्र कुठे आहे?" आम्ही म्हणतो, "तुम्ही त्यातच उभे आहात." मग ते नाकाकडे रुमाल नेतात, आणि वास येत नाही म्हटल्यावर तो हळूच परत खिशात ठेवतात. या रुमालांतच आपल्या ताईंचं मानपत्र आहे असं मी मानतो.

गावाचं सगळं पाणी इथे येतं. न्हाणीघराचं, मोरीचं, संडासाचं. आधी गाळ खाली बसवतो आणि उरलेलं पाणी वाफ्यांवर सोडतो. वाफा म्हणजे काय? तळाला पक्कं अस्तर, त्यावर खडी, खडीत रोवलेला बोरू. पाणी खडीतून झिरपतं. बोरूच्या मुळांशी डोळ्यांना न दिसणारे जीव वस्तीला असतात, ते त्यातली घाण खातात. आणि खालून जे निघतं ते ओढ्यात सोडताना आपल्याला मान खाली घालावी लागत नाही. यंत्राची घरघर नाही, औषधांची पिंपं नाहीत. मात्र एक आहे. वाफ्यावर सतत पाणी सोडलं तर तो गुदमरतो. म्हणून आळीपाळीने पाणी आणि आळीपाळीने विश्रांती. माणसाला रविवार लागतो, तसं. विश्रांतीच्या काळातच आत जायचं, वाळलेलं कापायचं, नळ्यांची तोंडं साफ करायची. आणि मग पुन्हा पाणी.

आता या 'पुन्हा पाणी'पाशी एक प्रथा आहे. ती आमच्या केंद्राखेरीज कुठे असेल असं मला वाटत नाही. टाकीवाले मामा इथे बसले आहेत, त्यांची परवानगी घेऊन तिचा जन्म कसा झाला ते सांगतो. मामा, हसू नका. केंद्र नवीन होतं तेव्हाची गोष्ट. मामा दुपारी बोरूच्या आत सावलीला जाऊन बसले, बिडी पेटवली, आणि काठावरच्या माणसाला काय ठाऊक? त्याने पाणी सोडायचं चाक फिरवलं. वाफ्याच्या नळ्यांमधून साऱ्या गावाचं पाणी कारंज्यासारखं मामांच्या डोक्यावर. मामा बाहेर आले ते ज्या भाषेत बोलत आले, ती या व्यासपीठावरून सांगता येणार नाही. त्यांना घरी नेणारा रिक्षावाला मिळेना. मामींनी त्यांना अंगणातच उभं करून पाइपाने धुतलं.

त्या दिवसापासून ताईंनी नियम केला. आत जाणाऱ्याने चपला बांधावर काढून ठेवायच्या, तोंड बाहेरच्या बाजूला करून. म्हणजे काठावरच्याला दिसतं की कोणीतरी आत आहे. आणि पाणी सोडण्याआधी हाक द्यायची, "पाणी सोडतोय, आत कोण आहे?" तीनदा. आतल्याने ओरडायचं, "थांबा, आलोच!" तो बाहेर आल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही. आणि तिसरी गोष्ट, जी नवीन मंडळींना कधी कधी कळत नाही. हाक देणाऱ्याने चाक सोडून जायचं नाही. काहीही झालं तरी नाही. कारण तो आत शोधायला गेला आणि मागून दुसऱ्या कोणी चाक फिरवलं, तर काय? ज्याच्याकडे चाक, त्याची जागा बांधावर.

नियम साधा आहे. मामा ओले झाले म्हणून झालेला. पण मित्रहो, घराचा पाया घालताना कोणाला माहीत असतं, पुढे त्या घरात काय घडणार आहे?

शिपाईदादा, जरा बाहेर बघून येता का? ताई दिसतात का? नाही, घाई नाही. सहज.

मोठे साहेब नवीन आहेत, म्हणून त्यांच्यासाठी सांगतो. ताईंचे यजमान, आमचे भाऊजी, याच केंद्रावर कापणीला होते. नवरा-बायको एकाच ठिकाणी, आणि वर बायको साहेब. आमची चेष्टा काय विचारता! "भाऊजी, घरी हुकूम, इथेही हुकूम, मग तुम्ही बोलता केव्हा?" ते म्हणायचे, "मी बोरूत शिरलो की बोलतो. तिथे ऐकणारं कोणी नसतं." उंच, सडपातळ, आवाज मात्र भरदार. आणि हातात सवड असली की बोरूच्या कांडीची शिट्टी करून लेकीसाठी न्यायचे. बाळ, तुला आठवत असेल. नसेल तर नसू दे.

एका सकाळी चौथ्या वाफ्याची विश्रांती संपली. भाऊजी शेवटचं राहिलेलं कापायला आत गेले. चपला बांधावर. ताई चाकाशी. वेळ झाली तशी त्यांनी हाक दिली, "पाणी सोडतेय, आत कोण आहे?" आतून आवाज आला, "थांब, आलोच." त्या थांबल्या. बराच वेळ झाला तसं पुन्हा हाक दिली. "थांब, आलोच." तिसऱ्यांदाही तेच. आणि आले नाहीत.

चौथा वाफा काही जंगल नाही. शाळेच्या मैदानाएवढा असेल. आत कोणी हरवू म्हटलं तरी हरवत नाही. टाकीवाले मामा आत गेले, कापणीवाले गेले, मी गेलो. ताई गेल्या नाहीत. चाक त्यांच्याकडे होतं. आम्हाला सापडला तो खडीत रोवलेला विळा आणि शेजारी नीट बांधून ठेवलेली पेंढी. पेंढीचा बंद अजून ओला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मिळून तो वाफा साफ कापला. एक कांडी उभी ठेवली नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती खडी आणि बोरूची बुडखी. लपायला उंदराला जागा नव्हती. आम्ही सगळे बांधावर उभे. आणि ताईंनी, नियम म्हणून, हाक दिली.

मामा, तुम्ही होतात. सांगा तुम्हीच. नाही? बरं, मी सांगतो. त्या मोकळ्या वाफ्याच्या मधोमध, जिथे काहीही नव्हतं, तिथून आवाज आला, "थांब, आलोच." रोज जेवणाच्या सुट्टीत ऐकायचो तसाच. घाबरलेला नाही, दुखावलेला नाही, घाईत असलेल्या माणसाचा. मामांनी त्याच आठवड्यात कचेरीत बदली मागून घेतली. आजही ते फाटकातून येतात ते वळसा घालून येतात. आज ते या खिडकीच्या इतक्या जवळ बसले आहेत, ते केवळ ताईंसाठी.

गाव काय म्हणालं? गावाला तोंड असतं, मदतीला हात नसतो. "पळून गेला. पलीकडे रस्ता आहे, बस थांबते. साहेबीणबाईला कंटाळला." पोलीस आले, त्यांनीही रस्त्याकडेच बोट दाखवलं. ताईंच्या सासूबाई मरेपर्यंत तेच म्हणत राहिल्या, आणि वर ताईंच्याच हातचं जेवत राहिल्या. आणि लेक... बाळ, मी तुझी आधीच क्षमा मागतो. ही सभेत सांगायची गोष्ट नाही. पण तुझी आई आज त्या खुर्चीवर नाही, म्हणून सांगतोय. तू मोठी झाल्यावर एकदा माझ्या प्रयोगशाळेत बसून आईला म्हणालीस, "आई, बाबा गेले. मनाने गेले. तू या हाका किती दिवस देणार?" ताई म्हणाल्या, "पलीकडे रस्ता आहे हे मलाही कळतं गं. पण तो 'आलोच' म्हणाला आहे." तू रडलीस आणि बाटल्या विसळण्याचं निमित्त करून उठलीस. मी तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होतो, म्हणजे बघायचं नाटक करत होतो.

तर, जोवर आतून उत्तर येतं तोवर पाणी सोडायचं नाही, हा नियम. ताई हाक देत राहिल्या, आतून तेच उत्तर येत राहिलं, आणि चौथ्या वाफ्यावर त्या दिवसापासून पाणी सोडलेलं नाही. फलकावर काय लिहिलंय ते तुम्ही येताना वाचलं असेल, 'चौथा वाफा विश्रांतीवर आहे.' वरचे अधिकारी आले, गेले. एक साहेब फार तडफदार होते. म्हणाले, "हा काय पोरखेळ आहे? आणा इकडे चावी." स्वतः चाकाला भिडले. ताई म्हणाल्या, "सोडा पाणी साहेब, माझी ना नाही. फक्त आधी हाक द्या." ते हसले आणि, द्यायची म्हणून, हाक दिली. मी प्रयोगशाळेच्या पायरीवर उभा होतो. साहेबांचे दोन्ही हात चाकावरून असे सुटले, जसं काही चाक तापलेलं आहे. पुढे त्यांची बदली झाली, ती त्यांनीच मागितली असं म्हणतात. त्यांच्या वेळेपासून कोणी विचारत नाही. सगळे तेरी भी चूप मेरी भी चूप.

आता माझं विचाराल. मी बाटलीतला माणूस. शितावरून भाताची परीक्षा हा माझा धंदा. भुतंखेतं माझ्या तपासणीत बसत नाहीत. पण दोन गोष्टी मी सांगतो आणि त्यांचा अर्थ लावत नाही. एक, पाणी न देता चौथा वाफा हिरवा आहे. नव्या केंद्रप्रमुखांचं म्हणणं, शेजारच्या वाफ्याचं अस्तर फाटलं असणार. असेलही. मग मला हे सांगा साहेब, वारा पडला की बाकीचे वाफे एकदम गप्प होतात, आणि चौथा थोड्या वेळाने का गप्प होतो?

दुसरी गोष्ट. त्या वाफ्याचा निकासाचा नळ ठिबकतो. ऐन उन्हाळ्यातही ठिबकतो, पण फक्त सकाळी. मी नमुना घेतला. शेजारच्या वाफ्यातून झिरपत असेल तर त्यात गाव उतरलं पाहिजे. माझ्या बाटलीत गाव दिसतं हो. साथ आली की औषधं दिसतात, लग्नसराई आली की तेल दिसतं. या पाण्यात गाव नव्हतं. पाणी स्वच्छ होतं आणि त्यात थोडा साबण होता. एका माणसाच्या सकाळच्या अंघोळीला लागावा, इतकाच. मी तो नमुना पुन्हा पुन्हा घेतला. मग घेणं सोडून दिलं.

काय शिपाईदादा, दिसल्या ताई?

बरं. या, इथे बाजूला उभे राहा. काय सांगताय ते मोठ्याने सांगू नका. मीच सांगतो.

मित्रहो, आज दुपारी ताईंची नोकरी संपली. दुपारच्या भोंग्याला त्यांनी मला चौथ्या वाफ्यावर बोलावलं आणि चाकाची चावी माझ्या हातात दिली. ही बघा, खिशात आहे. जड आहे. मी म्हटलं, "ताई, मला कशाला? आजपासून सगळं बटणावर आहे." कारण, पाहुणेहो, हे बटण त्याचंच. आता वाफ्यांवर चाकं राहणार नाहीत. गाव वाढलं आहे, बाकीच्या वाफ्यांवर भार झेपत नाही, ओढ्याकाठचे लोक तक्रार करतात आणि त्यांची तक्रार खरी आहे, मी त्यांच्या विहिरीचं पाणी तपासलं आहे. चौथा वाफा चालू झालाच पाहिजे. साहेबांनी ठरवलं, ताईंच्या सत्काराच्याच दिवशी, ताईंच्या साक्षीने, या व्यासपीठावरून बटण दाबून चौथ्यावर पाणी सोडायचं. त्यामागे सद्भावना आहे. ताईही हो म्हणाल्या. लेकीला त्यांनी कबूल केलंय, चौथा चालू झाला की तुझ्याबरोबर येईन. सामान बांधून झालंय. सगळं ठरल्याप्रमाणे आहे. फक्त बटणाला हाक देता येत नाही.

तर ताई चावी देऊन म्हणाल्या, "नमुने, इतकी वर्षं मी बांधावरून हाक मारली. तुम्ही सगळे आत जाऊन बघून आलात. मी एकदाही गेले नाही." मी म्हटलं, "कशा जाणार? चाक तुमच्याकडे होतं." त्या म्हणाल्या, "तेच म्हणते. आता तुमच्याकडे आहे." आणि हसल्या. हो, हसल्या. मला वाटलं, निरोपाचा दिवस आहे, मन हळवं झालंय. मी दोन शब्द धीराचे बोललो आणि भाषणाची टिपणं काढायला खोलीवर गेलो. मघाशी दारात भेटल्या तेव्हा नवी साडी होती आणि हातात भाऊजींचा तो जुना विळा. मी विचारलं, "हा कशाला?" तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही सुरू करा. मी आलेच."

शिपाईदादा आत्ता सांगताहेत की चौथ्या वाफ्याच्या बांधावर ताईंच्या चपला आहेत. तोंड बाहेरच्या बाजूला. आणि भाऊजींच्या चपला, ज्या ताईंनी इतकी वर्षं पट्टे बदलून, पुसून तिथेच ठेवल्या होत्या, त्याही शेजारीच आहेत.

बसा, बसा सगळे. बाळ, तू बस. जावईबापू, तिला पाणी द्या. धावत कोणी जायचं नाही. आम्ही एकदा धावत जाऊन बघितलं आहे, त्याने काही होत नाही. साहेब, आपला पुढचा कार्यक्रम आहे याची मला जाणीव आहे. पण हात मागे घ्या. आपण माझ्यापेक्षा हुद्द्याने फार मोठे आहात, पण आत्ता या केंद्रात चाक माझ्याकडे आहे. आणि ज्याच्याकडे चाक, त्याने हाक दिल्याशिवाय इथे पाणी सुटत नाही. हे माझं भाषण नाही, हा नियम आहे.

खिडक्या पूर्ण उघडा. पंखे बंद करा.

मी एकट्याने हाक दिली तर पोहोचेल असं नाही. माझा आवाज बाटल्यांशी बोलून बोलून बारीक झालाय. आपण सगळ्यांनी द्यायची. अध्यक्ष महोदय, आपणही. लाजू नका. माझ्यामागून म्हणा. पाणी सोडतोय, आत कोण आहे?

हं.

ऐकलंत? नाही. मीही नाही ऐकलं. काहीच नाही. मित्रहो, मी खरं सांगतो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा चौथ्या वाफ्यातून काही उत्तर आलेलं नाही. मामा, असं कधी झालं होतं का? नाही. बोरूही हलत नाही. केंद्रप्रमुख साहेब म्हणताहेत, उत्तर नाही याचा अर्थ आत कोणी नाही. नियमाने बरोबर आहे त्यांचं. पण नियमाने हाक तीनदा असते. पुन्हा म्हणा. मोठ्याने. पाणी सोडतोय, आत कोण आहे?

नाही.

मला भीती वाटते आहे. हे मी सभेत सांगतोय, त्याचं मला काही वाटत नाही. उत्तर येत होतं तोवर भीती वाटत होती, आणि आता येत नाही म्हणून त्याहून जास्त वाटतेय. ताई आत आहेत. त्यांच्या चपला बांधावर आहेत. आणि माझ्याकडे एकच हाक उरली आहे. ती वाया गेली तर या टेबलावरचा हात मी कोणत्या तोंडाने थांबवणार?

काय गं? तू देतेस? ये. ये बाळ, खिडकीपाशी ये. त्या दोन्ही वेळा तुझे ओठ मिटलेले होते, मी बघितलं. नाही, ध्वनिक्षेपक नको, तसंच दे. भाऊजींना तुझा आवाज लहानपणीचा माहीत आहे, पण ओळखतील. घाई करू नकोस. हं.

शांत राहा. कोणी खोकूसुद्धा नका.

आला. आधी ताईंचा. "थांब गं, आलेच." सगळ्यांनी ऐकला ना? आणि त्याच्या मागोमाग, ताईंच्या शेजारून, दुसरा. मामा, रडू नका, सांगा यांना तो कोणाचा आवाज होता. मान हलवलीत, पुरे आहे. साहेब, आपण हात आपण होऊन टेबलाखाली घेतलात, मी आभारी आहे.

शिपाईदादा, खिडकीतून वाकून बघा. बांधावर काय दिसतंय? पुन्हा सांगा. नीट बघून सांगा.

मित्रहो, बांधावर आता एकही चप्पल नाही. ना ताईंची, ना दुसरी.

वारा नाही आणि चौथ्या वाफ्याचा बोरू मधून दुभंगत इकडे येतोय, ते तुम्हाला दिसतंय, तेच मला दिसतंय. आता ते बाहेरच्या फरशीवरून येताहेत. दोघं चालताहेत की एकच, हे मी सांगणार नाही. मी नमुना घेतलेला नाही. माझी एवढीच विनंती आहे, दाराकडे तोंड करून असं एकटक बघू नका. इतक्या दिवसांनी घरी येणाऱ्या माणसाला ते बरं वाटत नाही. कापणीवाले दादा, दारातून जरा बाजूला व्हा, वाट द्या. चहा पुन्हा गरम करायला सांगा.

माझं भाषण इथे संपतं. अध्यक्षांनी मला वेळ दिला, आणि दिला त्याहून जास्त घेऊ दिला, त्यांचे आभार. प्रमुख पाहुण्यांनी एका साध्या नोकराचं ऐकून घेतलं, त्यांचे आभार. ज्यांनी हाक दिली त्या प्रत्येकाचे आभार, कारण ते काम एकट्या माणसाने फार वर्षं केलं. बोलण्याच्या भरात कोणाच्या घरातलं बोललो असेन, कोणाचा हुद्दा विसरलो असेन, कोणाच्या जखमेवर बोट पडलं असेल, तर माणूस बाटल्यांतला आहे म्हणून पदरात घ्या. पाणी आज ना उद्या सुटेल, पण आधी त्यांना बसू द्या.

आणि एक काम आहे. व्यासपीठावर ताईंच्या शेजारी अजून एक खुर्ची लागेल. कोणीतरी... नको, नको. राहू द्या. लेकीने स्वतःची उचलली आहे.